मोल्सवर्थ : एका आडनांवाची कुळकथा



एखादा जुना मराठी शब्द अडला, त्याच्या अर्थाविषयीं घरांत वाद पडला, म्हणजे "मोल्सवर्थ काढा" असें म्हणण्याची चाल आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. मोल्सवर्थ हें एका माणसाचें नांव आहे, याची त्या वेळीं आपणांस आठवणहि राहत नाहीं. आपल्या लेखीं मोल्सवर्थ म्हणजे एक जाडजूड ग्रंथ. १८३१ सालीं तो प्रथम प्रसिद्ध झाला. १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति निघाली. १९७५ सालीं पुण्यास त्याचें पुनर्मुद्रण झालें. आणि आतां तर तो संगणकाच्या पडद्यावरहि उघडतां येतो. ज्या गृहस्थांनीं हजारों मराठी शब्दांना "तूं कोठला, तुझें कुळ कोणतें" असें विचारलें, त्यांच्या स्वतःच्या नांवाला हा प्रश्न आपण मात्र कधीं विचारला नाहीं. तो आज विचारावा असें मीं योजिलें आहे.

हा प्रश्न वाटतो तितका रिकामपणाचा नाहीं. मोल्सवर्थ हें आडनांव खुद्द इंग्लंडांतहि विरळा आढळतें. तेथें स्मिथ आणि जोन्स पावलोपावलीं भेटतात. मोल्सवर्थ भेटावयास योग लागतो. हें नांव इतकें दुर्मिळ कां, तें निघालें कोठून, आणि कोणकोणत्या वाटांनीं फिरत तें आपल्या पुस्तकांच्या कपाटापर्यंत पोहोंचलें, याचा माग काढीत गेलें म्हणजे एका नांवाची हकीकत तर कळतेच. परंतु कुळाचा अभिमान बाळगावयाचा तो कशाच्या आधारावर, या प्रश्नावरहि थोडासा प्रकाश पडतो.

प्रथम एक मोह बाजूस सारला पाहिजे. मराठी माणसाच्या कानाला या नांवांत "मोल" हा शब्द स्पष्ट ऐकूं येतो. इंग्रजी जाणणाऱ्याला त्याच्या पुढें "वर्थ" ऐकूं येतें, आणि त्याचाहि अर्थ मोल, किंमत, योग्यता असाच आहे. मराठी शब्दांचें मोल करणाऱ्या माणसाच्या नांवांत एकच अर्थ दोन भाषांतून दोनदां यावा, याहून सुंदर योगायोग कोणता? पण तो केवळ योगायोगच. इंग्रज मनुष्य दुसऱ्याच मोहांत सांपडतो. त्यांच्या भाषेंत "मोल" म्हणजे जमिनीखालीं बिळें करून राहणारा, जवळजवळ आंधळा असा एक लहान केसाळ प्राणी. तेव्हां मोल्सवर्थ म्हणजे त्या प्राण्याची किंमत, असा अर्थ तो हंसत हंसत करतो. तोहि चुकतोच. शब्दांच्या कुळाचा शोध करतांना पहिला धडा हा शिकावा लागतो कीं, कानाला सारखा लागतो म्हणून शब्द नात्याचा ठरत नाहीं. नातें ठरवावयाचें तर जुने दप्तर उघडून सर्वांत जुनें रूप कोणतें तें पाहावें लागतें.

दप्तर उघडण्यापूर्वीं इंग्रजी आडनांवें पडलीं कशीं, हें थोडक्यांत पाहूं. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, त्यापूर्वीं तेथील सामान्य मनुष्य एकाच नांवावर आपला जन्म काढीत असे. पुढें वस्ती वाढली, जमिनीचे व कराचे कागद वाढले, आणि एका गांवांत दहा जॉन व आठ विल्यम होऊं लागले, तेव्हां त्यांस ओळखण्यासाठीं दुसरें नांव लागूं लागलें. हीं दुसरीं नांवें चार वाटांनीं आलीं. कांहीं बापाच्या नांवावरून, जसें जॉन्सन. कांहीं धंद्यावरून, जसें स्मिथ म्हणजे लोहार. कांहीं रंगरूपावरून किंवा स्वभावावरून, जसें ब्राऊन. आणि कांहीं गांवावरून. आरंभीं हीं नांवें माणसागणिक बदलत. बापाचें नांव मुलाला व मुलाचें नातवाला, असा क्रम बहुतेक ठिकाणीं चौदाव्या शतकाच्या अखेरपर्यंत स्थिर झाला.

गांवावरून पडणारें आडनांव आपणांस समजावून सांगावयास नको. "कर" प्रत्यय लावून आपण तेंच करीत आलों आहों. परंतु त्यांतील एक खुबी सहसा ध्यानांत येत नाहीं. गांवांत राहणाऱ्याला गांवाचें नांव कोणी देत नाहीं. तेथें तर सगळेच त्या गांवचे. तें नांव मिळतें गांव सोडल्यावर, परक्या ठिकाणीं. म्हणून ज्या कुळाचें आडनांव गांवावरून पडलें, त्या कुळाच्या इतिहासांतील पहिली घटना स्थलांतर ही होय. कोणी तरी एके दिवशीं घर सोडून निघाला, आणि ज्या जागेकडे त्यानें पाठ फिरविली, तीच जागा नांव होऊन जन्मभर त्याच्या पाठीस लागली.

मोल्सवर्थ हें असेंच गांवावरून पडलेलें नांव आहे. इंग्लंडच्या पूर्वभागांत हंटिंग्डनशायर म्हणून एक लहानसा परगणा होता. १९७४ पासून तो केंब्रिजशायरमध्यें सामील आहे. त्या परगण्याच्या पश्चिमेकडील सपाट शेतीच्या मुलुखांत मोल्सवर्थ हें खेडें आहे. एक जुनें देवालय, थोडीं घरें आणि सभोंवार शेतें, एवढाच त्याचा विस्तार. विजेत्या विल्यम राजानें १०८६ सालीं साऱ्या राज्याची जी मोजणी करविली, तिच्या प्रसिद्ध बाडांत या खेड्याचें नांव "मोल्सवर्डे" असें नोंदलें आहे. शेवटच्या "थ" चा "ड" झाला तो कारकुनांच्या जिभेमुळें. ते कारकून फ्रेंच बोलणारे. इंग्रजांचा "थ" त्यांच्या तोंडीं बसेना. जिंकणाऱ्याचा कारकून जिंकलेल्याच्या गांवाचें नांव आपल्या कानाला येईल तसें लिहितो, हा अनुभव पुढें आपणांसहि यावयाचा होता. खडकीचें "किर्की" आणि शीवचें "सायन" करणाऱ्या इंग्रजांच्या पूर्वजांची गांवें त्यांच्या आधीं आठशें वर्षें अशींच दुसऱ्याच्या लेखणींतून गेलीं होतीं.

आतां या नांवाची फोड करूं. त्यांत तीन तुकडे आहेत : मूल, एस आणि वर्थ. मधला "एस" हा आपल्या "चा" सारखा षष्ठीचा प्रत्यय. पहिला "मूल" हें जुन्या इंग्रजींतील माणसाचें नांव आहे. येथेंहि आपणांस आपला मूल, म्हणजे लेंकरूं, किंवा संस्कृत मूळ आठवेल. पण वरचा धडा विसरूं नये. तो शब्द लॅटिन भाषेंतून आला असून त्याचा अर्थ खेचर असा आहे.

माणसाचें नांव खेचर! ऐकून हंसूं येईल. परंतु हें नांव हलक्या माणसाचेंच असे असें नाहीं. सातव्या शतकांत वेसेक्सचा राजा कॅडवाला याच्या भावाचें नांव मूल असेंच होतें. भावानें केंट प्रांत जिंकला व मूल तेथील राजा झाला. पण ६८७ सालीं केंटच्या लोकांनीं उठून त्याला बारा सोबत्यांसह जाळून मारलें. आणि पुढें ६९४ सालीं त्या वधाबद्दल त्यांस वेसेक्सच्या इने राजाला मोठी भरपाई द्यावी लागली. राजपुत्राला खेचर हें नांव कां पडावें? खेचर म्हणजे दोन जातींच्या संकराचें जनावर. कॅडवाला हें नांव इंग्रजी नसून तेथील पूर्वींच्या ब्रिटन लोकांचें आहे. यावरून या भावांच्या अंगांत दोन्ही लोकांचें रक्त असावें व मूल हें मूळचें मिश्रवंशीयाचें टोपणनांव असावें, असा तर्क विद्वान् करतात. हंटिंग्डनशायरमधला मूल हा अर्थातच निराळा. तो कोणी साधा जमीनदार शेतकरी असेल. पण नांव त्याच जातीचें.

राहिला तिसरा तुकडा, वर्थ. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा. रानांत कोणी जमीन साफ केली, गुरें व पीक यांच्या रक्षणासाठीं भोंवतीं काठ्यांचें किंवा काट्यांचें वेढण घातलें, आंत घर बांधलें, कीं तें झालें त्याचें वर्थ. पुढें तेथें मुलानातवांचीं व कुळांचीं घरें झालीं, आणि तोच शब्द वस्तीचा वाचक झाला. लंडनचा वॉन्ड्सवर्थ भाग असाच कोणा वेंडेलच्या कुंपणावरून. वर्ड्सवर्थ या कविश्रेष्ठाच्या आडनांवांत शब्दांचें मोल आहे असें पुष्कळांस वाटतें. प्रत्यक्षांत तेंहि यॉर्कशायरमधील एका कुंपणाच्याच गांवावरून आलें आहे.

कुंपण, मग कुंपणांतली जागा, मग त्या जागेवरची वस्ती, हा अर्थाचा प्रवास आपणांस ओळखीचा वाटत नाहीं काय? आपल्या "वाडी" या शब्दानें नेमका हाच प्रवास केला आहे. संस्कृतांत "वाट" म्हणजे वेढलेली जागा. त्यावरून वाडा, आणि त्याचें लहान रूप वाडी. आमच्या घरच्या जुन्या मोल्सवर्थमध्यें मीं मुद्दाम "वाडी" हा शब्द काढून पाहिला. तेथें पहिला अर्थ कुंपण घातलेलें कुरण किंवा बागेची जमीन असा दिला आहे, आणि दुसरा अर्थ शेतकऱ्यांच्या घरांचा समूह, लहान खेडें असा. पानावर बोट ठेवून मी क्षणभर थांबलों. एका परक्या भाषेचा शब्द उलगडून दाखवितांना कोशकारानें नकळत आपल्याच आडनांवाची हकीकत लिहून ठेवली होती. मोल्सवर्थ म्हणजे मुलाची, अर्थात् मूल नांवाच्या माणसाची, वाडी. आपल्या रीतीनें त्यांस हांक मारावयाची तर "मूलवाडीकर" म्हणावें लागेल. आणि शब्दशः भाषांतर करावयाचें तर "खेचरवाडीकर"!

नांव दुर्मिळ कां, याचेंहि उत्तर आतां सोपें झालें. नॉर्टन म्हणजे उत्तरेकडचें गांव, सटन म्हणजे दक्षिणेकडचें गांव. अशीं गांवें इंग्लंडभर पसरलीं आहेत, म्हणून तीं आडनांवेंहि पुष्कळ. मूलची वाडी मात्र एकच, आणि तीहि चिमुकली. तेथून बाहेर पडून नांव टिकविणारे किती निघणार? त्यांत १३४८ पासून पसरलेल्या महामारीनें इंग्लंडांतील असंख्य लहान कुळें पुसून टाकलीं. शिवाय आडनांव मुलाच्या बाजूनें चालावयाचें. एखाद्या पिढींत मुलगे झाले नाहींत, कीं नांव बुडालें. एकोणिसाव्या शतकांत फ्रॅन्सिस गॉल्टन यानें हा प्रश्न गणितज्ञांपुढें टाकला, आणि एच. डब्ल्यू. वॉटसन या पाद्र्यानें १८७४ सालीं त्याची मांडणी करून दाखविली. कोणतीहि आपत्ति न येतां, निव्वळ मुलगे-मुलींच्या दैवयोगानेंहि नांवें एकामागून एक नाहींशीं होत जातात, असें त्यांतून निष्पन्न झालें. तेव्हां दुर्मिळ नांव म्हणजे दुर्मिळ थोरवी असें समजूं नये. पुष्कळदां तो नुसता बचाव असतो.

या बचावलेल्या नांवानें पुढें काय केलें? वंशावळी लिहिणारे या घराण्याचा आरंभ सर वॉल्टर द मोल्सवर्थ या सरदारापासून धरतात. तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पहिल्या एडवर्डबरोबर धर्मयुद्धासाठीं पॅलेस्टाईनला गेला होता असें ते सांगतात. खरी घडामोड दिसते ती सोळाव्या शतकापासून. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत जॉन मोल्सवर्थ हा कॉर्नवॉलमधील राजसत्तेच्या जमिनींचा हिशेबतपासनीस होऊन नैर्ऋत्य टोंकाला गेला, आणि बॉडमिनजवळ पेनकॅरो येथें त्याच्या वंशाचा जम बसला. दुसरी शाखा सतराव्या शतकांत आयर्लंडमध्यें डब्लिनला गेली.

आयर्लंडच्या शाखेंत १६५६ सालीं रॉबर्ट मोल्सवर्थ जन्मला. इंग्लंडचा वकील म्हणून तो डेन्मार्कच्या दरबारीं राहिला, आणि परत आल्यावर त्यानें त्या देशावर एक पुस्तक लिहिलें. एक संबंध राष्ट्र आपल्या हातानें आपलें स्वातंत्र्य राजाच्या स्वाधीन कसें करतें, हा त्या पुस्तकाचा विषय. डेन्मार्कचा दरबार संतापला, पण पुस्तक युरोपभर वाचलें गेलें. १७१६ सालीं त्यास व्हायकाउंट ही सरदारकी मिळाली. पुढें १७२० मध्यें दक्षिण समुद्राच्या कंपनीचा प्रसिद्ध फुगा फुटून हजारों कुटुंबें धुळीस मिळालीं, तेव्हां यानेंच पार्लमेंटांत सुचविलें कीं, रोमन लोक पितृघातक्याला पोत्यांत शिवून नदींत टाकीत, तसें या कंपनीच्या चालकांना पोत्यांत शिवून थेम्सच्या डोहांत सोडावें! त्याचा मुलगा रिचर्ड यानें १७०६ सालीं रामियीच्या लढाईंत सेनापति मार्लबरो घोड्यावरून पडला असतां आपला घोडा त्यास देऊन त्याचे प्राण वांचविले.

कॉर्नवॉलच्या शाखेची कथा दोन रंगांची आहे. तिला बॅरोनेट ही पदवी १६८९ मध्यें मिळवून देणारा हेंडर मोल्सवर्थ जमेका बेटावर हंगामी गव्हर्नर होता, आणि त्यापूर्वीं गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तेथील प्रतिनिधि होता. घराण्याच्या वैभवांत या पैशाचा वाटा होता, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. त्याच पेनकॅरोच्या गादीवर पुढें आठवा बॅरोनेट सर विल्यम मोल्सवर्थ आला. त्यानें तत्त्वज्ञ हॉब्ज याचे समग्र ग्रंथ संपादून छापले. गुन्हेगारांना ऑस्ट्रेलियांत नेऊन तेथील वसाहतकऱ्यांच्या हातीं मजुरीसाठीं देण्याची जी पद्धति होती, ती गुलामगिरीचेंच दुसरें रूप आहे असें तो मानी. १८३७-३८ मध्यें त्या पद्धतीच्या चौकशीसाठीं नेमलेल्या पार्लमेंटच्या समितीचा तो अध्यक्ष होता. समितीनें त्या पद्धतीवर कडक ताशेरे झाडले आणि १८४० मध्यें न्यू साउथ वेल्सकडे कैदी धाडणें थांबलें. एकच आडनांव, एकच घर. एकजण माणसें विकणाऱ्यांचा मुनीम, दुसरा माणसांस बांधून नेण्याविरुद्ध झगडणारा. रक्त आणि नांव यांनीं माणूस ठरत नाहीं, याला याहून दुसरा पुरावा नको.

याच पेनकॅरोच्या बागेंत आणखी एका नांवाचा जन्म झाला असें सांगतात. सर विल्यमनें चिली देशांतील एक कांटेरी, खवल्यांच्या फांद्यांचें झाड लावलें होतें. तें पाहून एक पाहुणा उद्गारला कीं, यावर चढतांना माकडसुद्धां कोड्यांत पडेल! तेव्हांपासून इंग्रजींत त्या झाडाला "माकडाचें कोडें" हेंच नांव पडलें. नांवें पुष्कळदां अशींच, कोणाच्या तरी सहज बोलण्यांतून पडतात आणि मग शतकानुशतकें राहतात.

वसाहतींच्या लाटेबरोबर मोल्सवर्थ हें नांव नकाशावरहि पसरलें. डब्लिनमध्यें मोल्सवर्थ रस्ता आहे आणि न्यूझीलंडच्या वेलिंग्टन राजधानींतहि आहे. गमतीची गोष्ट अशी कीं, आज पहिल्याच्या तोंडाशीं आयर्लंडचें पार्लमेंट भरतें आणि दुसऱ्याच्या कडेला न्यूझीलंडचें. त्याच न्यूझीलंडांत सुमारें एक लक्ष ऐशीं हजार हेक्टरांचें, त्या देशांतील सर्वांत मोठें गुरांचें शेत मोल्सवर्थ याच नांवाचें आहे. कोठें मूलची काट्यांनीं वेढलेली वाडी, आणि कोठें हा दिगंतापर्यंत पसरलेला मुलूख!

आणि ती मूळची वाडी? ती आहे तेथेंच आहे. पण विसाव्या शतकानें तिलाहि सोडलें नाहीं. पहिल्या महायुद्धांत गांवाशेजारीं विमानतळ झाला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन बाँबफेकी विमानें तेथून जर्मनीवर जात. पुढें अण्वस्त्रें वाहून नेणारीं क्षेपणास्त्रें तेथें ठेवावयाचें ठरलें, तेव्हां शांततावादी लोकांनीं त्या माळावर तळ ठोकला. १९८५ च्या फेब्रुवारींत एका रात्रीं शेंकडों सैनिक आणून सरकारनें त्यांना हुसकलें, आणि उजाडण्यापूर्वीं सभोंवार मैलोगणती तारेचें कुंपण उभें केलें. हजार वर्षांपूर्वीं एका शेतकऱ्यानें पीक राखण्यासाठीं घातलेल्या कुंपणावरून ज्या गांवाचें नांव पडलें, त्याच गांवीं संहाराचीं अस्त्रें राखण्यासाठीं हें दुसरें कुंपण पडलें. १९८७ च्या अमेरिका-रशिया करारानंतर तीं क्षेपणास्त्रें तेथून हलविण्यांत आलीं.

आतां शेवटीं आपल्या मोल्सवर्थकडे येऊं. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालचा. कोवळ्या वयांत ते कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेंत दाखल झाले. आलेले होते शिपाईगिरीसाठीं. पण मन रमलें मराठी शब्दांत. शास्त्रीमंडळींच्या साह्यानें, आणि जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंच्या मदतीनें, त्यांनीं शास्त्र्यांच्या बैठकीपासून कुणब्याच्या शेतापर्यंतचे शब्द गोळा केले. ग्रंथांतला शब्द तेवढा खरा आणि बायकांच्या, बलुतेदारांच्या, गाडीवानांच्या तोंडचा शब्द हलका, असा भेद त्यांनीं मानिला नाहीं. पहिला कोश निघाल्यावर ते स्वदेशीं गेले, आणि उतारवयाकडे झुकल्यावर पुन्हां इकडे येऊन त्यांनीं दुसऱ्या आवृत्तीसाठीं कित्येक वर्षें खर्चिलीं. या आवृत्तींत सुमारें साठ हजार शब्द आहेत.

१८५७ सालीं, ज्या वर्षीं राज्य करणारे आणि राज्य सोसणारे यांच्यामध्यें रक्ताचा पूर वाहिला, त्याच वर्षीं ही आवृत्ति बाहेर पडली. कोश सरकारासाठीं छापला होता, राज्यकारभाराला भाषा कळावी हा सरकारचा हेतु होता, हें विसरण्याचें कारण नाहीं. परंतु राज्य गेलें आणि कोश राहिला. ज्यांच्यावर राज्य चालवावयाचें होतें, त्यांच्याच नातवंडांनीं तो आपला मानून उराशीं धरला. आज आपल्या आजीच्या तोंडचा हरवलेला शब्द शोधावयाचा असला कीं, आपण हात पुढें करतों तो त्याच वाडीकडे.

एका कुंपणापासून हें नांव निघालें. त्या नांवाच्या कोणी सरदारक्या मिळविल्या, कोणी माणसांचा बाजार मांडला, कोणी माणसांचीं बंधनें तोडलीं. त्या सर्वांची आठवण इतिहासाच्या पुस्तकांत आहे. पण महाराष्ट्रांत, त्या खेड्यापासून हजारों कोस दूर, तें नांव घराघरांत जिवंत राहिलें तें ना सरदारकीमुळें ना वंशावळीमुळें. एका माणसानें दुसऱ्याच्या भाषेंतील अगदीं साध्या शब्दालाहि मान देऊन आंत घेतलें, त्याच्याभोंवतीं अर्थाचें कुंपण घातलें आणि त्याला सुरक्षित ठेवलें, म्हणून तें राहिलें. आडनांव आपणांस बापाकडून मिळतें. त्याचा अर्थ मात्र आपला आपणच लिहावा लागतो.